शीव आणि शिवण

माझं दुकान यावलच्या रस्त्याला, थांब्याच्या मागे.
एक मशीन, एक बाकडं, खिळ्याला कात्री.
चाळीस वर्षं मी गावाला गुडघ्याखालून ओळखतो.
कुणाच्या काठाला गोखरू, कुणाच्या काठाला कुसळ,
कुणाच्या परकरावर केळीचा चीक.
तो डाग कुणाच्या बापाला निघत नाही.
गिऱ्हाईक म्हणतं, काढा.
मी म्हणतो, वरून पट्टी लावू.

त्या साली पोळ्यानंतर फाटकी लुगडी येऊ लागली.
सगळी एकाच उंचीवर,
गुडघ्याच्या चार बोटं वर, डाव्या अंगाला,
कोयत्यासारखी वळलेली चीर.
द्रौपदाबाई तायडेचं हिरवं. रुबाबबाई तडवीचं जांभळं.
कोळ्यांच्या सोनलची शाळेची सलवार, दोनदा.
मी वहीत लिहीत गेलो :
रफू, तार, दहा रुपये.
रफू, तार, दहा रुपये.

मग कळलं.
सुकीकाठच्या शिवरस्त्यावर
प्रल्हाद फालकने काटेरी तार ओढली होती,
तारेमागे कापलेली केळीची खोडं रचली पुरुषभर,
आणि वाटेच्या पोटातून ठिबकची नळी नेली.
म्हणे, इथे वाट होतीच कधी? दाखवा.

पलीकडे शाळा, मसणवट, मंगळवारचा बाजार.
फिरून जायचं तर पाच किलोमीटर डांबर,
केळीच्या ट्रकांच्या कडेकडेने.
बाया फिरून गेल्या नाहीत.
एकीने खालची तार पायाने दाबायची,
दुसरीने वरची पदरात धरून उचलायची.
बोचकं आधी, मूल मग, आपण शेवटी.
"माय वं, धर ना नीट," एवढाच काय तो मोर्चा,
रोज सकाळी, रोज तिन्हीसांजेला.

अर्ज द्रौपदाबाईने केला. अंगठा नाही, सही.
तलाठ्याने गावनकाशा उघडला, घडीवर विरलेला
(याला मागून अस्तर लावायला हवं, मनात आलं).
बोट ठेवून म्हणाला, ही तुटक रेघ.
बाकीचे बघत राहिले.
मला ती वाचता आली.
तुटक रेघ म्हणजे धावदोरा.
कुणीतरी दोन गावं कच्ची टाचून ठेवली होती,
पक्की शिवण नंतर घालू म्हणून,
आणि गेलं राहून.

पाहणीला तहसीलदारबाई आल्या, चिखलात चपला हातात घेऊन.
विचारलं, वहिवाटीला पुरावा?
पावलांची पावती कोण ठेवतं?
वाट तुडवली तर वाट, थांबलात तर गवत.
मी वही पुढे केली.
वकील म्हणाला, ही तर सगळी तारेनंतरची फाटाफाट.
मी मागची पानं उलटली,
पिवळी, मशीनच्या तेलाने पारदर्शक झालेली :
"पलीकडचे, पायी आले, झंपर दोन, सोमवारी नेतील."
"पलीकडची नवरी, पायी."
"पलीकडचा मास्तर, पायी, लेंगा, उधार."
ती उधारी अजून बाकी आहे, हेही सांगितलं.
मग रुबाबबाई पुढे झाली, लुगड्याचा काठ तारेला लावला,
आणि माझा रफू बरोबर काट्यावर बसला.
बाई हसल्या नाहीत. लिहीत राहिल्या.
वहिवाट.
वही माझी होती, वाट त्यांची.

तार निघाली. खोडं निघायला आणखी महिना लागला,
तोवर कुजून त्यांचाच चिखल झाला.
एका संध्याकाळी प्रल्हाद दुकानात आला,
पँट गुडघ्याच्या वर फाटलेली, डाव्या अंगाला.
गुंडाळताना लागली, म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी मशीन थांबवलं नाही.
दहा रुपये घेतले. वहीत लिहिलं.

आता दर सोमवारी दुकान अर्धा तास बंद असतं.
गुडघा दुखतो तरी पलीकडे जाऊन येतो,
काम काही नसतं.
परवा वाटेवर पुन्हा दोन खोडं आडवी होती, ताजी,
चीक गळत होता.
ओढून बाजूला केली.
सदऱ्यावर डाग पडलाय.
राहू दे.