शेपूची जुडी

मांद्र्यात शेपू कोण खातं?
आमच्या घरी तर नुसत्या वासाने दोघं ताटावरून उठायची,
एक माझा नवरा, दुसरी सुप्रिता.
आता तो भिंतीवर आहे, हारात,
ती स्विंडनला, बारा-बारा तासांच्या पाळीत.
आणि मी शुक्रवारी म्हापशाला जाऊन
बेळगावच्या भाजीवालीकडे शेपूच्या दोन जुड्या मागते,
पिशवीच्या तळाशी चोरासारख्या लपवते
आणि वर तांबडी भाजी पसरते.

भाडेकरीण आहे. लुडमिला.
मागच्या खोलीत, ऑक्टोबरपासून.

पहिल्यांदा मी मुगाची डाळ घालून,
लसणीची चरचरीत फोडणी देऊन वाटी नेली.
तिने वाटीत पाहिलं,
ओळखीच्या माणसाला भलत्याच कपड्यांत पाहावं तसं.
मग तांब्यातल्या पाण्यात ठेवलेली
एक कच्ची काडी उचलून चावली,
आणि डोळे मिटले.
मला वाटलं, दात दुखला.

आमचं दही तिला पातळ वाटतं.
आमचं दही!
मी काही बोलले नाही. फडक्यात बांधून
रात्रभर खुंटीला टांगलं, सकाळी चक्का दिला,
वर जायफळाची पूड नेऊन ठेवली, सवयीने.
तिने त्यात मीठ घातलं.
मीठ, आणि शेपू.
मी घरात येऊन थोडा वेळ नुसती बसले.

पहाटे पदेर येतो, जुझे, भोंपू वाजवत.
ती दर पोई अंगठ्याने दाबून बघते.
काळा पाव, म्हणते. जड. आंबट.
जुझे टोपली झाकत म्हणतो,
'बाय, करपलेला आसा. दिऊं?'

बीट मात्र इथे मिळतं.
एका रविवारी तिने मला वाडगा आणून दिला,
लाल सारात माझाच चक्का सोडलेला.
रंग थेट सोलकढीचा.
जीभ तयारीत बसली होती सोलांच्या आंबटासाठी,
आणि आलं काय, तर गोड, मातीच्या वासाचं.
पायरी आहे समजून
अंधारात पाय टाकावा, तशी फसले.
तरी वाडगा पुरा केला. ती दारातच उभी होती.

त्याच रात्री सुप्रिताचा फोन.
बांगडा तव्यावर पडला की छतातलं यंत्र बोंबलतं, आई,
आणि वरचा माणूस जमिनीवर काठी आपटतो.
आता कोट घालून मागच्या अंगणात तळते.
काल तळता तळता बर्फ पडलं. तेल तडतडलं.
सोलकढी डब्यातल्या नारळाची. पांढरी असते गं,
पण नारळ कुठे असतो त्यात?
पाठवलेली तिरफळं पोचली,
पण घराचा जोडीदार एक चावून बसला
आणि जीभ बधिर झाली म्हणून डॉक्टरला विचारायला निघाला.
मी हसले. ती नाही हसली. मग हसली.
म्हणाली, इथे तर माशाबरोबर शेपू देतात, आई,
कच्चा, वर पसरून. फुकट.
खातेस?
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
बाजूला काढते, म्हणाली.
मग जरा थांबून: थोडा.

लुडमिलाने डालड्याच्या जुन्या डब्यात
तिच्या गावाहून मागवलेलं बी पेरलंय.
मार्चच्या उन्हात कोण उगवतं?
तरी उगवलं. सात काड्या, केसांसारख्या.
व्हिसाच्या कामाला ती आठ दिवस बाहेर गेली,
खुणेने मला सांगून गेली: पाणी. सावली. पाणी.
मी झावळी आडवी लावली.
दुपारी उठून दोनदा पाहायचे,
पोराचा ताप पाहावा तसा डब्यात हात घालायचे,
वास हाताला लागला तर धुवायचे नाही.

सहाव्या दिवशी रुक्माच्या कोंबड्यांनी खाल्लं.
सातही.
काल ती आली, उन्हाने भाजलेली,
आल्या आल्या डब्याकडे निघाली,
आणि मी म्हटलं, आधी चहा घे.