दोन बोटं मागे

एप्रिल संपत आला तरी हिल्काच्या अंगणात
हिवाळा उभाच आहे,
चारशे किलोचा, लाल, गंजक्या जबड्याचा,
ट्रॅक्टरच्या पाठीला तीन पिनांवर लोंबकळत.
तो उतरल्याशिवाय कुळव चढत नाही
आणि कुळव चढल्याशिवाय सावोच्या या टोकाला
वसंत आला असं कुणी म्हणत नाही.

तीन तिगाडा, काम बिगाडा.
इथे हे म्हणणारं कुणी नाही,
इथली माणसं नुसता श्वास आत ओढतात
आणि पहार शोधायला जातात.
खालचे दोन बाहू, वरचा एक दांडा.
डावा बसला की उजवा बोटभर वर.
उजव्याला लाथ घातली की डावा निसटला.
पहार, हातोडा, गुडघा, परत पहार.
मग तो सहा दातांचा शाफ्ट, ग्रीसने बरबटलेला:
एका हाताने त्याचं वजन पेलायचं,
दुसऱ्याने कडी मागे ओढून धरायची,
आणि तिसऱ्या हाताने, जो देवाने दिला नाही,
दात दातात बसेपर्यंत फिरवत राहायचं.

चौतीस वर्षं हे काम दोघांचं होतं.
ती सीटवर, मान पिळून मागे.
ऑर्वो चाक आणि अवजाराच्या मधे,
कंपनीच्या पुस्तकात जिथे लाल फुली मारलेली असते
नेमका तिथे.
हात वर करून दाखवायचा: दोन बोटं मागे.
पण त्या हाताची पहिली दोन बोटं
बटाटे काढायच्या यंत्राने नेली होती.
म्हणून तो चार दाखवायचा तेव्हा दोन दिसत
आणि दोन दाखवायचा तेव्हा
मूठ.
मूठ म्हणजे थांब.
(डाव्या हातात पहार असायची.)
यावरून त्यांची जेवढी भांडणं झाली
तेवढी पैशावरूनसुद्धा नाही.

तो गेला त्या वर्षी बर्फाचं यंत्र
जुलैपर्यंत ट्रॅक्टरलाच राहिलं.
गवत शेजाऱ्यांनी कापून दिलं.
लोक म्हणाले, दुःख.
दुःख होतंच.
पण उजवी पिन निघत नव्हती.

शेजारची सायमी, एकोणीस वर्षांची,
इसाल्मीला वेल्डिंग शिकते.
खडूने ओट्यावर त्रिकोण काढला,
मोजला, पुसला, पुन्हा काढला.
एक त्रिकोण ट्रॅक्टरच्या पाठीला,
आणि प्रत्येक अवजाराच्या छातीवर
त्याच मापाचा पोकळ त्रिकोण.
वर स्प्रिंगची जीभ, जिभेला दोरी,
दोरीचं टोक सीटपर्यंत.
मजुरी दोन बादल्या लिंगनबेरी,
आणि पहार, आता तुला लागणार नाही म्हणून.
बेरी दिल्या.
पहार गोठ्याच्या दारामागे आहे तिथेच आहे.

आज सकाळी हिल्काने दोरी ओढली.
हिवाळा दोन ठोकळ्यांवर गुपचूप बसला.
ती चार हात पुढे गेली, वळली,
कुळवासमोर मागे येऊ लागली,
आणि सवयीने, मान पिळून, ओरडली:
अजून किती?

चाक आणि कुळवाच्या मधे
तळ्याचा राखाडी तुकडा दिसत होता, काठावर सुटलेला बर्फ,
एक टिटवी.
ती थांबली. मग आणखी दोन बोटं मागे आली
आणि दांडी वर केली.
खट्.

मग काय झालं कुणास ठाऊक,
तिने कुळव उतरवला आणि हिवाळा चढवला.
हिवाळा उतरवला, पाटा चढवला.
पाटा उतरवून शेणाचा काटा,
काटा उतरवून परत कुळव,
खट्, खट्,
एकाहत्तर वर्षांची बाई, एकटी,
तासाभरात दोनदा वर्ष फिरवून आणलं,
डिझेल जाळलं विनाकारण.

सायमी कुंपणापाशी उभी राहून बघत होती.
शाफ्टचंही बघू, म्हणाली, नोव्हेंबरच्या आत,
त्याला अजून माणूस लागतो धरायला.

हिल्काने श्वास आत ओढला.
तिकडे त्याचा अर्थ हो असा होतो.
कधीकधी, घाई नाही असाही होतो.