लाभार्थीची सही

गुरुवारी शेवटचे दोन तास सेवेचे.
नववी ब, दोघी-दोघींची रांग,
पिनाफोरवर पिवळा बिल्ला
आणि प्रत्येकीच्या हातात कार्ड:
तारीख, तास, केलेलं काम,
शेवटच्या रकान्यात लाभार्थीची सही.

सिस्टर रेजिना पठारे पुढे.
त्या संगमनेरकडच्या, भराभर चालणाऱ्या,
रस्ता ओलांडताना हात असा वर करतात
की पीएमटीसुद्धा गपकन थांबते.
क्वार्टर गेट मागे पडलं
आणि मला कळायला लागलं कुठे जातोय ते.
कासेवाडीच्या तोंडाशी रोशेल म्हणाली,
"ए खुडे, इकडे कधी आलीयेस?"
मी बुटाची नाडी बांधायला वाकले.
नाडी सुटलेली नव्हती.

शेडमध्ये आई बसली होती.
पुठ्ठा एकीकडे, पत्रा एकीकडे,
दूधपिशव्यांचा ढीग डाव्या हाताला.
तिनं मला पाहिलं, आणि पाहिलंच नाही.
हे तिला छान जमतं.
सोसायट्यांच्या जिन्यांत शिकलीय ती,
लोक तिला असंच बघतात तिथे.

आम्हाला हातमोजे वाटले, कोरे, पावडरीच्या वासाचे.
इतके हातमोजे त्या शेडनं एकदम कधी पाहिले नव्हते.
मुली एकेक बाटली चिमटीत उचलत होत्या.
माझे हात मात्र माझं ऐकेनात.
कडक प्लास्टिक आवाजावरून ओळखलं,
झाकण वेगळं, बाटली वेगळी, काच खाली अलगद.
सिस्टर बाजूला येऊन उभ्या राहिल्या.
"तुला येतं हे," म्हणाल्या.
प्रश्न नव्हता तो.

मग आईनं एक पिशवी पुढे ओढली.
"ही तुमच्या शाळेची. सोमवारची."
पेन्सिलींची टरफलं, खडूचा चुरा,
चाचणीचा एक चुरगळलेला पेपर, सातपैकी दोन,
आणि उघडे, तसेच टाकलेले पॅड.
कुणीतरी फिस्सकन हसलं. रोशेलनं नाक धरलं.
"नाक काय धरता गं, तुमचंच आहे की.
कागदात गुंडाळा, वर लाल टिंब द्या,
म्हणजे मला उघडून बघायला नको.
एवढं केलंत तरी फार झालं."

कार्डं निघाली.
आईला सही येते: छबू खुडे,
माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर गिरवलेली.
माझं कार्ड तिनं सगळ्यांत शेवटी घेतलं.
"किती तास लिहू?"
दोन, मी म्हटलं.
"आणि माझे? पहाटे पाचपासूनचे?
ते कुठल्या कार्डावर?"
हसत विचारलं तिनं. दुसरं कुणी हसलं नाही.

सिस्टरांनी कार्ड घेतलं,
लाल पेनानं 'लाभार्थी' खोडलं
आणि वर दुसरा शब्द लिहायला टोक टेकवलं.
शब्द येईना.
टोक तसंच राहिलं,
तिथे एक लाल टिंब पसरत गेलं.

शुक्रवारी, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' झाल्यावर,
त्या माईकवर पॅड हा शब्द बोलल्या,
मग घडी कशी घालायची तेही.
बाई लोकांनी आपापल्या चपला बघितल्या.
आता मधल्या सुट्टीत आठजणी
जुन्या पेपरांची पाकिटं करतो.
एकदा मान वर न करता रोशेलनं विचारलं,
"ती तुझी मम्मी ना?"
मी म्हटलं, घडी उलटी घालतेयस.
मग थोड्या वेळानं म्हटलं, हो.

जूनमध्ये नवी कार्डं आली,
छापखान्यातून, जशीच्या तशी. तोच रकाना.
माझं जुनं आईनं रेशनकार्डात घालून ठेवलंय.
शाळेची पिशवी रोज येते.
लाल टिंब असतं, ती सांगते.
एखाद्या दिवशी नसतं.