वाटणीच्या आधी

रोस्कॉफचा गुलाबी कांदा
पेल्याच्या तोंडावर बसवलाय, बूड तेवढं पाण्यात.
तीन दिवसांत मुळं सुटली, पांढरी, विरळ,
आजारपणात बाबांच्या हनुवटीवर वाढली होती तशी.
वर्ग भरण्याआधी मी त्यांची टोकं छाटते,
आम्लात बुडवते, रंगात ठेवते,
काचेवर घेऊन अंगठ्यानं दाबते.
दाबताना अंगठा सरकू द्यायचा नाही,
हे मुलांना दरवर्षी सांगते.
हे सांगत नाही, की
दिसेल ते सगळं कधीच मेलेलं असतं,
ज्याचं जे चाललं होतं त्यातच थिजून.

बहुतेक पेशी काही करतच नाहीत म्हणे.
गोल केंद्रक, आत धूसर गुंतवळ.
"मादाम, ह्या झोपल्यात."
झोपल्या नाहीत, तुग्दुआल.
आधी अंगानं भरताहेत.
मग आतला सगळा मजकूर, अक्षर न् अक्षर,
दुसऱ्यांदा उतरवून काढताहेत.
मग उतरवलेलं पुन्हा वाचून
चुका खोडताहेत.
आयुष्य बहुतेक ह्यातच जातं.
फुटून दोन होणं हा शेवटचा थोडा वेळ.

*वाटायचं तर आधी दुप्पट करावं लागतं,*
फळ्यावर लिहिते,
आणि खडू हातातच राहतो.

आमच्याकडे ते कुणी केलं नाही.
बाबा ऑक्टोबरात गेले. मागे जमिनीचे तीन तुकडे,
त्यातला एक समुद्राकडे उतरणारा, खारट.
एक ट्रॅक्टर.
कोठारात वेण्या घालून टांगलेला कांदा.
आणि आम्ही तिघं.
पेशीत कुणाला हिस्सा मिळत नाही,
दोघी लेकींना सगळंच्या सगळं मिळतं.

मोर्लेच्या नोटरीकडे मार्चपासून कागद पडून आहे.
रोझेननं सही केली, मी केली.
ग्वेंदाल जहाजावर. फोन लागत नाही,
लागला तर म्हणतो, बघू.

आज एक पेशी सापडली, नेमकी मधल्या टप्प्यातली.
गुणसूत्रं मध्यरेषेवर ओळीनं उभी,
दोन्ही टोकांचे दोर त्यांना लागलेले.
मोजली. पंधरा.
सोळावं बाजूला, एकटं,
कुठलाच दोर न लागलेलं.
(माझ्याच अंगठ्यानं सरकलं असेल कदाचित.)
असं एक जरी राहिलं
तरी सगळी पेशी थांबते.
ते म्हणत राहतं, अजून नाही, अजून नाही,
आणि पंधरा जणं, दोन्हीकडून ताणलेली,
उभी राहतात.
कुणी त्याला हेकट म्हणत नाही.
घाई केली तर एका लेकीच्या पदरी एक जास्त,
दुसरीच्या एक कमी,
आणि ती चूक पुढे लेकीच्या लेकीला जाते.

मी डोळा भिंगावरून काढला.
ग्वेंदाल, तुला लिहिलेला संदेश पुसला.
बाबांना शेवटचं पाठुंगळी घेऊन
खारट तुकड्यापर्यंत तू नेलंस.
आम्ही दोघी गाडीत बसून होतो,
वारा फार आहे म्हणून.

पुढच्या काचेवर भिंत दिसते.
कांद्याची पेशी कमरेत आवळून तुटत नाही,
तिच्या ऐन मध्यात भिंत उगवते
आणि तिथून कडांकडे सरकते.
पुरी झाली तरी तिच्यात बारीक भोकं राहतात,
ह्या घरचं त्या घरी जाण्यापुरती.

"मग जुनी पेशी कुठे गेली, मादाम?"
कुठेच नाही.
"मेली?"
प्रेत दाखव.
तुग्दुआल भिंगात वाकून खरंच शोधत राहिला
घंटा होईपर्यंत.

दुपारी नोटरीचा फोन.
अजून किती दिवस, मादाम?
म्हटलं, माहीत नाही. एकाला दोर लागायचाय,
लागला की कळवते.
त्याला वाटलं, मी जहाजाबद्दल बोलतेय.