एकेचाळीस सह्या

आमच्या पक्षीमित्र मंडळाचे पदाधिकारी
आजवर मिसळीवर निवडले जायचे.
कॉलेज रोडला, तर्री यायच्या आधी,
मावळता अध्यक्ष एक नाव उच्चारायचा,
सगळे पावाकडे हात न्यायचे
आणि इतिवृत्तात यायचं : सर्वानुमते.

यंदा मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू.
"उगाच भांडणं लागतील," ऋतुराज निमसे म्हणाला,
"आणि एवढीच हौस असेल तर तूच हो निवडणूक अधिकारी."
शिक्षाच होती ती. पण मला,
खोटं कशाला बोलू, आवडली.

सात दिवस आधी नोटीस, प्राणिशास्त्राच्या फळ्यावर.
पहिल्या वर्षाच्या मुलांचीही नावं यादीत;
त्यांना काय कळतं, म्हणाले काही जण.
पन्नास रुपये वर्गणी भरण्याइतकं कळतं, मी म्हटलं.
पिंपळगावहून आणलेली द्राक्षांची रिकामी पेटी,
वर ब्लेडने पाडलेली फट,
सगळ्यांना एकच निळं पेन, सुतळीने बांधलेलं,
आणि मतदान कपाटामागे,
जिथे पेंढा भरलेल्या घारीखेरीज
कुणालाच काही दिसत नाही.

सचिवपदाला दोघं.
सुरगाण्याचा कांतीलाल भोये, जो आवाजावरून पक्षी सांगतो,
आणि गंगापूर रोडची शाल्मली थेटे,
जिच्याकडे दुर्बीण आहे, आणि गाडी.

पाच वाजता पेटी उलटी केली.
भोये बावीस. थेटे एकोणीस. एक कोरी.
टाळ्या सुरू झाल्या होत्या
तेव्हा मी वहीतल्या सह्या मोजल्या.
एकेचाळीस.

पुन्हा मोजल्या. बोट ठेवून, ओठ हलवत.
एकेचाळीस.

"जाऊ दे ना," निमसे म्हणाला, "एका मताने काय फरक पडतोय?"
शाल्मलीसुद्धा म्हणाली, जाऊ दे.
मी एकेका तोंडाकडे बघू लागले,
पोलिसासारखी, लाज वाटते आता सांगताना.
प्रथम वर्षाची दोन पोरं तर
न केलेल्या गुन्ह्याने लाल झाली.

मग आठवलं.
दहाला पाच कमी असताना, कुणीच आलेलं नसताना,
पेन चालतंय का बघावं म्हणून
पहिली चिठ्ठी मीच टाकली होती.
आणि सही?
सह्या घेणारी मी. माझी कोण घेणार होतं?

सांगितलं. सगळ्यांसमोर, उभी राहून.
कुणीतरी हसलं. निमसेने वही पुढे सरकवली :
"कर आता. खाली जागा आहे."
खरंच होती. एका सहीपुरती, बरोब्बर.

"नको," मागून कांतीलाल म्हणाला.
"तळ्यावर आपण काय करतो?
दोघांचा आकडा जुळला नाही
तर सोयीचा धरत नाही, परत मोजतो."
बावीस मतं होती त्याच्या खिशात
आणि तो हे बोलत होता.

वहीचं ते पान मी फाडलं नाही.
आडवी रेघ मारली, कारण लिहिलं,
माझ्या चुकीला माझंच नाव दिलं,
आणि वही सोपवली पहिल्या वर्षाच्या निलोफर अत्तारकडे.
ती इतकी कडक निघाली
की सरांकडेही ओळखपत्र मागितलं.

शुक्रवारी अडतीस जण आले. सुरगाण्याची बस
चार वाजताची, तिकडची मुलं थांबली नाहीत.
थेटे वीस. भोये अठरा.
सह्या अडतीस.
मिसळ झाली, पण कुणी फार बोललं नाही.
दोन्ही वेळा मी कुणाला मत दिलं
ते सांगणार नाही. तेवढं तरी
घारीजवळच राहू दे.

जानेवारीत नांदूर मधमेश्वरला गणना.
पहाटेचं धुकं, बोटं बधिर,
नव्या सचिवाने वाटलेल्या नव्या वह्या.
कांतीलाल आणि मी एकाच मनोऱ्यावर.
थापट्यांचा थवा पाण्यावर हलत होता,
मोजून होईतो अर्धे जागा बदलायचे.

"माझे एकशे बारा," तो म्हणाला. "तुझे?"
एकशे नऊ.

त्याने काही न बोलता
दुर्बीण परत डोळ्याला लावली.