पान सतरा

चोडणच्या वाचनालयात दर शनिवारी
सगुण येतो, आठवीतला.
चपला दाराबाहेर, नजर घड्याळावर.

मी त्याला दिलं होतं जाडजूड, बक्षीस मिळालेलं,
खरं सांगायचं तर माझ्या आवडीचं.
परत आलं तेव्हा तिसऱ्या पानात
खुणेची माडाची हीर, तिथंच वाळलेली.
"कळलं नाही?"
"कळलं की. पण मला काय त्याचं?"

घरी काय करतात, हे विचारायला
मला दोन महिने लागले.
बाप मानशीचं दार सांभाळतो, भरती-ओहोटी बघून,
रात्री कुर्ल्या धरतो.
हा बॅटरी धरतो.

मग कपाटामागं पडलेलं एक सापडलं,
बत्तीस पानी, पिना गंजलेल्या,
खाडीतल्या जिवांवरचं.
देताना थोडी लाजच वाटली.

सोमवारीच आला, धापा टाकत.
पान सतरा. कुर्लीच्या चित्राखाली
पेन्सिलीनं, दाबून:
'ही मादी नव्हे. मादीचं पोट रुंद असतं.'

पुस्तकात लिहिल्यास दंड पाच रुपये,
भिंतीवर माझ्याच अक्षरात.
पावती फाडली, माझ्या नावाची,
आणि विचारलं,
"अठरावर काय चुकलंय?"

बसला बाकावर, पान उलटलं.
चपला काढायच्या राहून गेल्या होत्या.