तीन वेटोळ्यांचा ळ

डबा उघडला की कुजक्या मोज्यांचा वास येतो.
लॉ कॉलेज रस्त्यावर, मागच्या खोलीत
पंखा बंद ठेवून मी विनोद पुसते.
दहा-दहा मिनिटांचे, मुके:
मास्तरीणबाई, भाग एक ते सहा.
पाचवा कधीच सापडला नाही.

मिस बकुळा. नऊवारी, कोपरापर्यंत झंपर,
काचा नसलेला चष्मा, भर उन्हातही न चमकणारा.
खुर्चीला डिंक, टेबलाच्या खणात बेडूक,
दिपोटीसाहेबांच्या पगडीत शाई,
आणि बाई पडतात. दर भागात पडतात,
छडी तेवढी वर धरून,
गर्दीत कुणी तेलाची बरणी धरावी तशी.

फळ्यावरची अक्षरं दुसऱ्या कुणाची.
भिंग लावलं तर टिंबं दिसतात, आधीच काढून ठेवलेली.
बाई त्यांवरून खडू फिरवतात, रांगोळीचा हात.

कंपनीची खर्चाची वही वेगळ्या पेटीत,
कोपरे वाळवीने नेलेले.
बेडूक नग चार, मुठेतून, पोराला एक आणा.
डिंक, बोहरी आळी, दीड आणा.
मिस बकुळा, दिवसाचे तीन रुपये. पुढे अंगठा.
अंगठा. अंगठा. घाईत टेकवलेला, फरकटलेला.
मग एक नोंद, कारण न देता:
पाटी, लहान, दोन आणे.

चौथ्या भागात फळ्यावर टिंबं नाहीत.
बाई लिहितात, शाळा.
श बरा. काना ताठ.
ळ ला तीन वेटोळी.

वर्ग हसतो.
याआधीही हसलाय, कुणीतरी हात वर केला की,
सगळे एकदम, दात दाखवून.
हे तसं नाही. हे एकेकाला फुटतं,
एक मुलगा दोन्ही हातांनी तोंड दाबतो.
दुसऱ्या बाकावरची मुलगी हसत नाही.
तिचे ओठ हलतात.
आवाज नाही, म्हणून अकरा वेळा मागे नेलं:
बाई, दोनच.

बाई वळतात. पडत नाहीत.
पदराच्या टोकाने एक वेटोळं पुसतात
आणि मुलीकडे बघतात.
मुलगी मान हलवते.

तेवढ्यात बेडूक उडी मारतो, त्याला काय,
आणि पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे,
खुर्ची, किंकाळी, दिपोटी.

सहाव्याच्या पावतीवर अंगठा नाही.
ब कु ळा. तीन अक्षरं, तीन उंचीची,
शेवटच्यावर दौत सांडेपर्यंत दाब.
नाव कंपनीने ठेवलेलं.
घरचं काय होतं ते वहीत नाही,
मीही शोधून दमले.

उद्या ही फीत दुरुस्तीला जाईल.
तिथली मुलं हुशार आहेत, ओरखडा ठेवत नाहीत,
बुरशीचा ठिपकासुद्धा.
शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीची जागा,
तिच्यात बारीक अक्षरात कोंबते:
भाग चार, फळा, उजवीकडे खाली
पांढुरका डाग आहे.
खराबी नव्हे.
साफ करू नये.